सरळ शिरायची जागा

आर्डिस टॉलेफसनने त्या ऑक्टोबरात सतरा पार्कांना फोन केले आणि सतराही ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला. "सरळ शिरायची जागा आहे का?"

पोहायचा तलाव आहे का, नाचाला हॉल आहे का, दवाखाना किती लांब, हे सगळं नंतर. आधी हे. अशा पार्कांत हिवाळाभर राहायचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, लावायच्या जागा दोन तऱ्हेच्या असतात. एका तऱ्हेत रस्त्यावरून सरळ आत शिरायचं आणि एप्रिलमध्ये परत निघताना सरळ पुढून बाहेर पडायचं. दुसऱ्या तऱ्हेत पिकअपला जोडलेला अठ्ठावीस फुटी ट्रेलर उलटा ढकलत ढकलत दोन शेजाऱ्यांच्या मधल्या फटीत घालायचा. बावन्न वर्षांच्या संसारात ट्रेलर मागे घ्यायचं काम मायलोचं, आणि मागे उभं राहून हात हलवायचं, ओरडायचं काम आर्डिसचं. आता मायलोला मधलं दिसत नव्हतं.

मधलं म्हणजे अगदी मधलंच. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता, कडा शाबूत होत्या. तो आर्डिसचा चेहरा बघायला जायचा तर तिथे राखाडी डाग. डागाच्या चहूबाजूंनी मात्र तिचे खांदे, मागची खिडकी, खिडकीबाहेरचा पिकअप, सगळं जागच्या जागी. पेपर वाचता येत नव्हता, पण दाराच्या चौकटीला तो कधी धडकत नव्हता. मायनॉट शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एक कागद दिला होता. जे बघायचं त्याच्याकडे बघू नका, बाजूला बघा, मग ते दिसेल, असा रोज सराव करायचा होता. मायलोने तो कागद पिकअपच्या खणात कोंबला.

"मी काय कोंबडी आहे, मान वाकडी करून बघायला?" तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई आर्डिसला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डावा गेलाच आहे. उजव्याच्या कडाही आता हळूहळू जातील. हा हिवाळा धरून चाला. पुढचं मी सांगू शकत नाही."

आर्डिसला अशी माणसं आवडत. गोड बोलून वेळ काढणाऱ्यांचा तिला राग. ती बाहेर आली, पिकअपमध्ये बसली, चावी फिरवायच्या आधी मायलोला तिने सरळ विचारलं, "ह्या हिवाळ्यात तुला काय बघायचंय, सांग."

त्याने विचार केला नाही. "करकोचे."

"नातवंडं नाहीत?"

"त्यांचे चेहरे कुठे दिसतात मला? नुसती उंची कळते. तेवढी फोनवरही कळेल."

करकोच्यांचं असं होतं. नॉर्थ डकोटात हार्वी गावाच्या उत्तरेला टॉलेफसनांचं शेत. दर ऑक्टोबरात उत्तरेकडून करकोचे यायचे, राखाडी अंगाचे, कपाळावर लाल टिकली, उभे राहिले तर माणसाच्या छातीला लागतील एवढे. आठवडाभर पडलेला गहू वेचायचे आणि एखाद्या सकाळी वर चढून दक्षिणेला निघून जायचे. मायलो त्यांना शिव्या घालायचा. नंतर कापणीचं यंत्र बंद करून, शेताच्या मधोमध उभा राहून, शेवटचा ठिपका दिसेनासा होईपर्यंत मान वर करून बघायचा. मागे शेजारी खोळंबलेले असायचे, पावसाचे ढग आलेले असायचे, ह्याची मान खाली यायची नाही. आणि घरात शिरताना दर वर्षी तेच. "हे जातात कुठे गं?"

"दक्षिणेला."

"ते मलाही कळतं."

कुठे जातात हे पुस्तकात होतं. ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या हद्दीलगत एक उथळ पाणथळ आहे, तिथे हजारोंनी हिवाळा काढतात. गेली अकरा वर्षं आर्डिस आणि मायलो थंडी चुकवायला त्याच राज्यातल्या मेसा शहरात जायचे, म्हणजे त्या पाणथळीपासून चार तासांवर. एकदाही गेले नाहीत. आज पत्त्यांचा डाव, उद्या नाच, परवा कोणाचा तरी वाढदिवस. पुढच्या वर्षी जाऊ. आर्डिसला आता ह्या "पुढच्या वर्षी"ची इतकी चीड आली होती की कोणी म्हटलं तर ती उठून जायची.

आर्डिस साधीसुधी बाई नव्हती असं म्हणायची पद्धत आहे. ती साधीसुधीच होती. एकतीस वर्षं तिने गावच्या धान्यकोठारात काट्यावर काम केलं. ट्रक काट्यावर चढायचा, ती खिडकीतून बघायची आणि काटा स्थिर व्हायच्या आत वजन सांगायची. शंभर पौंडांच्या आत बरोबर. तेवीस वर्षांचा मायलो पहिल्यांदा गहू घेऊन आला तेव्हा ती खिडकीतून म्हणाली होती, "वर कोरडा पसरलायस, खाली ओला आहे. घेऊन जा, वाळवून आण." तो कानापर्यंत लाल झाला. पुढच्या आठवड्यात वाळवून आणला आणि शनिवारी नाचाला येशील का, असं विचारलं. तिने आधी मूठ घालून गहू तपासला, मग हो म्हटलं.

मेसाचा पार्क ह्या वर्षी नव्या मालकांनी घेतला. नेहमीची जागा पक्की करायला फोन केला तर पलीकडे गोड गळ्याची एक मुलगी.

"ट्रेलर कितव्या सालचा आहे, मॅम?"

"एकोणनव्वदचा."

"सॉरी मॅम, आता दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्या आपण घेत नाही. पार्क चांगला दिसला पाहिजे ना."

"आणि माणसं?"

"माणसं पंचावन्नच्या वरची हवीत, मॅम."

"म्हणजे माणूस जुना चालतो, गाडी नवी पाहिजे. आम्ही दोघं मिळून दीडशे वर्षांचे आहोत, बाई. आमच्याकडे बघून तरी पार्क चांगला दिसतो का?"

मुलीला हसावं की नाही ते कळेना. आर्डिसने फोन ठेवला आणि पिवळी वही काढली.

सोळावा फोन झाल्यावर युमाहून मायलोच्या बहिणीचा, लोइसचा फोन आला. लोइस सगळ्यांची सोय लावणारी बाई. कोणी सांगितलेलं नसलं तरी लावायची. तिने म्हणे आपल्या पार्कच्या मॅनेजरला ट्रेलरचा फोटो दाखवून त्याच्याकडून वयाची सूट मिळवली होती. जागा सरळ शिरायची, पोहायच्या तलावाला लागून, डिसेंबरात बिनबाह्यांच्या कपड्यांत हिंडावं असं ऊन. "पण शुक्रवारी दुपारी बारापर्यंत निघाल्याचं कळवलं तरच धरून ठेवतोय तो. नोव्हेंबरच्या चौदा तारखेच्या. नंतर दुसऱ्याला देणार. आणि आर्डिस, तुझ्या बोटांचा विचार कर गं, थंडीत तुला बाटलीचं झाकण उघडत नाही."

खरं होतं. आर्डिसला ती जागा हवीहवीशी वाटली. कोमट पाण्यात गळ्यापर्यंत उभं राहावं आणि कोणाशी काही बोलू नये, हे तिचं सुखाचं चित्र होतं.

फक्त युमा होतं ॲरिझोनाच्या पश्चिम टोकाला आणि ती पाणथळ पूर्व टोकाला.

सतरावा फोन तिने पाणथळीजवळच्या एका पार्कला केला. सव्वीस जागांचा पार्क. मालकीण डेल्फिना ओर्तेगा, आवाजावरून साठीची.

"सरळ शिरायची जागा आहे का?"

"एक आहे. तीत रेमंड आहे."

"रेमंड कधी निघणार?"

"रेमंड ब्याण्णव वर्षांचा आहे. त्याला मी हे विचारू शकत नाही, आणि तुम्हीही विचारू नका. मागे घ्यायची एक रिकामी आहे. मेस्कीटच्या झाडाखाली."

"आमचा ट्रेलर एकोणनव्वदचा आहे, आधीच सांगते."

"गळतो का?"

"नाही."

"मग माझ्या घरापेक्षा बरा आहे. आणि बाई, इथे रात्री पाणी गोठतं. उन्हात पडून राहायला येत असाल तर येऊ नका. आम्ही चार हजार फुटांवर आहोत."

आर्डिसने वही मिटली आणि मायलोला सांगितलं, "तीन दिवस करकोच्यांकडे. मग युमा."

"मागे कोण घेणार?"

"मी घेईन."

तो उठून ट्रेलरच्या चाकांतली हवा चाचपायला गेला. तेवढं त्याला कळत होतं.

पंधराशे मैल, सहा दिवस. आणि त्या सहा दिवसांत आर्डिस टॉलेफसन एकदाही मागे गेली नाही. तिने प्रत्येक पेट्रोल पंप आधी नकाशावर हेरून ठेवला होता. एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडता येईल तोच. जेवायला थांबायचं ते मालट्रकांच्या तळावर. कॉलोराडोत एकदा चुकून बंद गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा ब्रेक मारून पाच मिनिटं नुसती बसली आणि शेवटी एका चर्चच्या हिरवळीवरून वळसा घालून निघाली. "देवाने बघितलं असेल," मायलो म्हणाला. ती म्हणाली, "बघू दे. त्याला तरी दिसतं."

दोघंही हसत सुटली. पुढे दहा मैल हसत होती.

मंगळवारी दुपारी तीनला ते पार्कात पोचले, आणि खुर्च्या बाहेर निघाल्या.

ही पार्कांतली रीत आहे, मोठ्या पार्कातली आणि लहानातली. नवी गाडी जागेला लागताना आजूबाजूची मंडळी खुर्च्या घेऊन बाहेर येतात, हातात काहीतरी प्यायला घेऊन सावलीला बसतात. नवरा गाडीत, बायको मागे उभी राहून ओरडतेय, ह्या खेळाची सर टीव्हीला येत नाही. दुसरी रीत अशी की मागितल्याशिवाय कोणी मदतीला उठत नाही. दुसऱ्याच्या स्टिअरिंगला हात लावणं म्हणजे त्याच्या संसारात हात घालणं.

इथे बाई गाडीत आणि बाप्या मागे हे बघून एक खुर्ची जरा पुढे सरकली. ती हॉलिसची. ओक्लाहोमाचा निवृत्त विहीर खोदणारा, पोट मोठं, तोंड त्याहून मोठं.

डेल्फिना कमरेवर हात ठेवून आली. "माझा भाऊ लावून देईल."

"नको," आर्डिस म्हणाली.

मायलो चाचपत गेला आणि मेस्कीटच्या बुंध्याला एक तळवा टेकून उभा राहिला. तिथून ओरडला, "आर्डी, हात स्टिअरिंगच्या वर धरू नकोस, खाली धर. शेपूट जिकडे न्यायची तिकडे हात. आणि तू मला आरशात धर. मी दिसेनासा झालो की ब्रेक."

"तुला काय दिसतंय?"

"तू नाही दिसत. ट्रेलरचा कोपरा दिसतो, कडेला. तेवढा पुरे."

पहिल्या खेपेला ट्रेलर भलतीकडेच वळला. दुसऱ्या खेपेला हॉलिसच्या दिशेने आला, तेव्हा हॉलिस खुर्चीसकट उठला. चौथ्या खेपेला मायलो "डावीकडे, डावीकडे!" ओरडला आणि त्याला उजवीकडे म्हणायचं होतं.

"कोणाची डावी?" आर्डिस खिडकीतून किंचाळली.

"तुझी! नाही, माझी! थांब!"

"बाई," हॉलिस म्हणाला, "घाई नाही. मेपर्यंत आम्ही सगळे इथेच आहोत."

"तुम्ही खुर्ची अजून मागे घ्या," आर्डिस म्हणाली. "मला कुठे थांबायचं ते अजून कळलेलं नाही."

सगळ्या खुर्च्या हसल्या. पण आठव्या खेपेपर्यंत हसू थांबलं होतं. त्या झाडाला हात लावून उभा असलेला माणूस बघत नाहीये, मान सरळ ठेवून कुठेतरी भलतीकडे तोंड करून उभा आहे, हे एकेकाच्या लक्षात येत गेलं. हॉलिसने हातातला बिअरचा डबा खाली ठेवला. चाकांखाली खडी करकरत होती आणि मायलोचा आवाज, आता हळू, "ये... ये... ये... अजून एक वीत... ये..."

अकराव्या खेपेला ट्रेलर आत बसला. दोन्ही बाजूंना सारखी जागा. आर्डिसने इंजिन बंद केलं तेव्हा तिच्या बोटांना स्टिअरिंग सोडता येईना, एकेक सुटं करावं लागलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. हॉलिस आला, न विचारता चाकांखाली अडसर सारले, पाण्याचा पाइप जोडून दिला आणि म्हणाला, "एकेचाळीस वर्षं मी ट्रेलर मागे घेतोय. मला कधी ह्याहून सरळ लागला नाही."

"खोटं बोलता," आर्डिस म्हणाली.

"थोडंसं," हॉलिस म्हणाला.

बुधवारी सकाळी दोघं उठली, कॉफी घेतली, अंडी तळली, आठ वाजता पाणथळीवर गेली. पाणी होतं. चिखलात पक्ष्यांच्या पायांची बोटं उमटलेली होती, माणसाच्या पंजाएवढी, हजारो. पिसं होती. करकोचा एकही नव्हता. वाऱ्याने पाणी हलत होतं आणि लांब कुठेतरी एक कुत्रं भुंकत होतं.

मायलो कठड्याला धरून बराच वेळ उभा राहिला. "मला दिसत नाहीयेत, की नाहीत?"

"नाहीत."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"मी कधी बोलले आहे तुला बरं वाटावं म्हणून?"

परत आल्यावर डेल्फिनाने विचारलं, "किती वाजता गेलात?" कॉफी-अंडी उरकून आठला, हे ऐकल्यावर ती कपाळाला हात लावून हसली. "अहो, ती पाखरं काय तुमच्या अंड्यांसाठी थांबणार? रात्रभर पाण्यात उभी असतात, कोल्ह्यांच्या भीतीने. उजाडलं की मक्याच्या शेतांत. सूर्याच्या आधी जायचं, बाई, सूर्याच्या आधी! शेतकऱ्याची बायको ना तुम्ही?"

आर्डिसला हे लागलं, कारण बरोबर होतं. अकरा वर्षांत पार्कातली सवय अंगात मुरली होती.

गुरुवारी पहाटे ट्रेलरबाहेर आली तर पाण्याचा पाइप काठीसारखा कडक झालेला. गवतावर पांढरं. बोटं हातमोज्यांत शिरेनात. युमाला ह्या वेळी लोइस पातळ चादर पांघरून झोपली असेल, हे आर्डिसच्या मनात आलंच, नाही असं नाही.

पाणथळीवर अंधुक होतं. पूर्वेच्या डोंगराची नुसती रेघ दिसत होती. समोर पाणी, आणि पाण्यापलीकडे राखाडी जमिनीचा लांबच लांब पट्टा, वाफेत अर्धा बुडालेला. काल हा पट्टा इथे नव्हता. आर्डिस त्याच्याकडे बघत राहिली. मग पट्टा हलला. एका टोकाने कोणीतरी मान वर काढली, लाकडी खुळखुळा घशात घालून वाजवावा तसा आवाज काढला, आणि तो आवाज पट्ट्यावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, एक मैल असेल, आणि परत आला.

ती जमीन नव्हती. ते सगळे पक्षीच होते.

"मायलो," ती म्हणाली. तिने त्याची बाही ओढली.

उजेड डोंगराच्या काठावर आला तसा आवाज वाढत गेला. कानाला ऐकू येण्याच्या पलीकडे गेला, बरगड्यांत वाजायला लागला. मग डावीकडचं टोक सुटलं. शेकडो, त्यांच्यामागे हजारो, पाण्यावरून धावत, पंख झाडत, पाय मागे ओढत वर चढले, आणि ते वर चढतात न चढतात तोच त्यांच्या शेजारचे निघाले. पंखांचा वारा कठड्यापर्यंत आला. त्या वाऱ्याला चिखलाचा आणि ओल्या पिसांचा वास होता. आर्डिसने आयुष्यात वादळं बघितली होती, गारपीट बघितली होती, गव्हाला आग लागलेली बघितली होती. त्या सगळ्याला ती घाबरली होती. हे बघून तिला भीती वाटली नाही. आपण फार लहान आहोत आणि त्याने काही बिघडत नाही, असं वाटलं.

तिने मायलोकडे बघितलं. तो डोळे फाडून समोर बघत होता, मान वर, शेतात उभा राहायचा तशीच. पक्षी जिकडे जातील तिकडे तोंड वळवत होता.

"दिसतंय?"

"केवढा आवाज आहे, आर्डी!"

"मी आवाजाचं नाही विचारलं."

तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "धुकं दिसतंय. असू दे. ऐकलं ना, बस झालं. मला बस झालं."

बस झालं नव्हतं. बावन्न वर्षांत त्याने "बस झालं" म्हटलं आणि खरंच बस झालं असं कधी घडलं नव्हतं. आर्डिसला संताप आला. डोळ्यांचा, मेसाच्या अकरा वर्षांचा, पिकअपच्या खणात पडलेल्या त्या कागदाचा. तो ज्या पक्ष्याकडे बघायला जात होता तोच नेमका डागाखाली जात होता. बघत होता म्हणूनच दिसत नव्हतं.

अजून निम्मा पट्टा पाण्यात होता. ती तरातरा जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली, पाण्याकडे पाठ करून.

"माझ्याकडे बघ."

"बाजूला हो ना, ते..."

"त्यांच्याकडे बघू नकोस. माझ्या तोंडाकडे बघ. माझं नाक शोध."

"तुझं नाक मला दिसत नाही!"

"माहीत आहे! तरी तिकडेच बघ. आयुष्यात एकदा सांगितलेलं ऐक!"

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. तिथे डाग होता. तिच्या पाठीमागे उरलेला पट्टा एकदम सुटला. तिला तो दिसला नाही, पण पाठीवर वारा आला, टोपी पुढे सरकली, आणि आवाज दोन्ही कानांवरून पुढे गेला.

मायलोचा चेहरा बदलला. आधी कपाळ, मग तोंड. तो हलला नाही.

"आर्डी," तो अगदी हळू म्हणाला. "तुझ्या कानांतून निघतायत."

"काय?"

"दोन्ही कानांतून. खांद्यांवरून. डोक्यावरून. तुझं तोंड नाहीये आणि चहूकडे पंख आहेत. हलू नकोस. अगं, किती आहेत... हलू नकोस. डावीकडे वळतायत आता, रांगा धरतायत. तशाच रांगा. आपल्या शेतावर धरायचे तशाच."

ती हलली नाही. थंडीने नाक गळत होतं, ते तिने पुसलं नाही. तो बघत होता आणि ती त्याला बघताना बघत होती, आणि त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत बारीक काळे ठिपके वर वर जात होते.

"पन्नास वर्षं," मायलो म्हणाला, "हे आपल्या छपरावरून जात होते आणि इथे येत होते. आणि मी तिकडे उभा राहून शिव्या घालत होतो."

लोइसला तिने शुक्रवारी सकाळी दहाला फोन केला.

"निघालात का?" लोइस म्हणाली. "मॅनेजर विचारतोय."

"त्याला सांग, दुसऱ्याला दे."

"म्हणजे? आर्डिस! तिथे तलाव आहे का?"

"पोहायचा नाही."

"ऊन?"

"दुपारी. तेही वाटलं तर."

"नाच?"

"शनिवारी हॉलिस नावाचा एक माणूस माउथ ऑर्गन वाजवतो. वाईट वाजवतो, असं तोच सांगतो."

"आणि तुझी बोटं गं?"

"दुखतात."

"मग आहे तरी काय तिथे?"

आर्डिसने सांगायला तोंड उघडलं आणि तिला कळलं की हे फोनवर सांगता येणार नाही. "मायलोला दिसतंय," एवढंच ती म्हणाली. "बरं, सांगते त्याला," लोइस म्हणाली आणि सोय लावायचं सोडून दिलं. लोइसच्या बाबतीत असं फार वेळा होत नाही.

डेल्फिनाकडे जाऊन आर्डिसने एप्रिलपर्यंत जागा पक्की केली. पाइप गोठू नये म्हणून त्याला गुंडाळायची विजेची पट्टी घेतली, लोकरीचे हातमोजे घेतले. अकरा वाजता करकोचे शेतांतून पाण्यावर परत येतात, हे आता तिला माहीत झालं होतं. घड्याळ बघून तिने मायलोला पिकअपमध्ये घातलं, दोन घडीच्या खुर्च्या मागे टाकल्या. हॉलिस आपली खुर्ची घेऊन बरोबर निघाला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

पाणथळीवर तिने मायलोची खुर्ची पाण्याकडे तोंड करून मांडली आणि आपली त्याच्यासमोर, पाण्याकडे पाठ करून.

"अहो बाई," हॉलिस म्हणाला, "ह्याला कुठेतरी मध्ये बघायचंय एवढंच ना? मग त्या खांबाकडे बघितलं तरी चालेल की. तुम्ही कशाला उलट्या बसता?"

"चालेल," मायलो म्हणाला. "पण खांबाकडे मी का बघू?"

दक्षिणेकडून पहिली रांग आली. आर्डिसला ती ऐकू आली, खूप उंचावरून, मग खाली खाली. तिला राहवलं नाही. तिने हळूच मान मागे वळवली.

"आर्डी!" मायलो ओरडला. "पुढे बघ! सगळं आकाश हलवलंस!"

ती पुढे बघून बसली.